फुटबॉलला दिलेले दान

बून पिकन्स या तेल व्यावसायिकाने २००५ साल संपता संपता ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला १६.५ कोटी डॉलर दिले. एका व्यक्तीने एखाद्या विद्यापीठाच्या खेळांसाठी एकरकमी दिलेली ती तोवरची सर्वांत मोठी देणगी मानली गेली. पिकन्स याच संस्थेचे १९५१ चे भूगर्भशास्त्राचे पदवीधर. स्टिलवॉटर गावातल्या तिच्या स्टेडियमला त्यांचे नाव २००३ मध्येच लागले होते. आता तिथला फुटबॉल संघ देशातल्या बलाढ्य संघांच्या बरोबरीला यावा अशी त्यांची इच्छा होती. कायद्याच्या लेखी हे धर्मादाय दान ठरले, म्हणजे रुग्णालयाला, अनाथाश्रमाला किंवा चर्चला दिलेल्या पैशाच्याच पंगतीतले. ते त्या पंगतीत बसते का, हा प्रश्न करखात्यापुरता नाही. दान कशाला म्हणावे, ते कोणाला द्यावे आणि दिल्यावर देणाऱ्याचे त्यावर काय उरते, याचा विचार करणाऱ्या प्रत्येक धर्मपरंपरेला त्यावर काही ना काही म्हणता येते.

अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे पायाने चेंडू मारण्याचा खेळ नव्हे. लांबट चेंडू हातात धरून, शिरस्त्राण आणि खांद्यांवर जाड कवच चढवून, अंगावर येणाऱ्याला अंगानेच अडवत पुढे सरकायचा हा खेळ. तो वाढला विद्यापीठांत. रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यातला १८६९ चा सामना महाविद्यालयांमधला पहिला समजला जातो. व्यावसायिक संघ पुष्कळ नंतर आले. देणगीदारही सुरुवातीपासून आहेत. हार्वर्डचे काँक्रीटचे स्टेडियम १९०३ मध्ये उभे राहिले तेव्हा १८७९ च्या तुकडीतील माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी १ लाख डॉलर दिले होते.

या खेळाला नैतिक प्रतिष्ठा मिळाली ती धर्माच्या दारातून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट पंथांमध्ये एक विचार रुजला होता, की बळकट शरीर हे ईश्वरसेवेचे साधन आहे आणि मैदानावर शिस्त, धैर्य, त्याग हे गुण अंगी बाणतात. ऐमॉस ॲलॉन्झो स्टॅग हे त्या विचाराचे चालतेबोलते उदाहरण. येल विद्यापीठात ते धर्मशास्त्र शिकत होते. पण प्रवचनकार होण्याऐवजी १८९२ मध्ये ते नव्या शिकागो विद्यापीठात फुटबॉलचे प्रशिक्षक झाले आणि तेही प्राध्यापकाच्या दर्जाने. बॅप्टिस्ट पंथीयांच्या पुढाकाराने आणि जॉन रॉकफेलर यांच्या पैशाने ते विद्यापीठ उभे राहत होते. त्याचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर स्वतः हिब्रू आणि बायबलचे पंडित, आणि जिंकणारा संघ विद्यापीठाचे नाव गावोगाव पोचवतो हे त्यांना पक्के कळले होते. धर्म, धनिक आणि फुटबॉल यांची सांगड तेव्हाच बसली. स्टेडियमला पैसा देणारा मनुष्य चारित्र्य घडवण्याला पैसा देतो, हे समर्थन आजही त्याच भाषेत केले जाते.

समर्थन तपासण्यापूर्वी कृती तपासायला हवी. धर्मशास्त्रकारांनी दानाची व्याख्या कायदेपंडिताच्या काटेकोरपणाने केली आहे. देणाऱ्याची मालकी संपली पाहिजे आणि घेणाऱ्याची निर्माण झाली पाहिजे. यातले एक झाले आणि दुसरे नाही, तर ते दान पुरे झाले नाही. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात दानावर स्वतंत्र प्रकरण लिहून या चर्चेचा बारीक आढावा घेतला आहे. देणाऱ्याचा हेतू किती शुद्ध, हा प्रश्न तिथे नंतर येतो. आधी प्रश्न सरळ असतो: वस्तू हातातून सुटली का?

पिकन्स यांची देणगी या कसोटीवर अडखळते. विद्यापीठाशी संलग्न संस्थेच्या खात्यात आलेला पैसा जवळपास लगेच बीपी कॅपिटल या गुंतवणूक निधीत ठेवला गेला, आणि तो निधी चालवत होते स्वतः पिकन्स. त्यांनी त्याचे शुल्क घेतले नाही, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी. पैसा वाढवून द्यावा हाच त्यांचा हेतू होता, आणि सुरुवातीला तो वाढलाही. २००८ च्या मंदीत मात्र या निधीला जबर फटका बसला आणि क्रीडा संकुलाची आखलेली काही कामे रखडली. दान दिलेल्या पैशाची जोखीम दात्याच्याच अंदाजावर टांगलेली राहावी, हे धर्मशास्त्राच्या व्याख्येत बसवणे अवघड आहे. मालकी कागदावर बदलली. निर्णय होता तिथेच राहिला.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि त्याची बायको सप्पीरा यांची गोष्ट आहे. शेत विकून आलेल्या पैशातला काही भाग त्यांनी मागे ठेवला आणि सगळा दिल्याचे भासवले. पेत्राने त्यांना विचारले ते असे, की शेत तुमचेच होते, पैसाही तुमचाच होता, मग खोटे कशाला? तिथे दोष मागे ठेवण्याचा नाही, पूर्ण दिल्याच्या आविर्भावाचा आहे. पिकन्स यांनी काही लपवले असे कोणी म्हणणार नाही. सारा व्यवहार उघड होता. तरीही त्या गोष्टीतला भेद इथे उपयोगी पडतो. अर्धे देऊन अर्धे दिले म्हणणे हा गुन्हा नव्हे, पण अर्ध्या त्यागाला पूर्ण त्यागाचा मान आणि सवलत का मिळावी?

सवलतीचा भाग तर या प्रकरणात विशेष आहे. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवले. लोकांनी मदतीसाठी हात सैल सोडावा म्हणून अमेरिकी काँग्रेसने एक तात्पुरता कायदा केला. एरवी रोख देणगीवरची करवजावट उत्पन्नाच्या ठराविक हिश्शापुरती मर्यादित असते. ती मर्यादा त्या वर्षअखेरपर्यंत उठवली गेली. व्यक्तींच्या बाबतीत देणगी वादळग्रस्तांनाच दिली पाहिजे अशी अट मात्र कायद्यात नव्हती. पिकन्स यांची देणगी त्याच मुदतीत दिली गेली. बेघरांसाठी उघडलेल्या दरवाजातून फुटबॉलचा पैसा आत आला, आणि त्यात बेकायदा काहीच नव्हते.

देणगीदारांच्या उत्साहाला विद्यापीठ कुठवर साथ देते याचा आणखी एक नमुना याच संस्थेने दाखवला. २००७ मध्ये पंचवीसहून अधिक वयस्क पाठीराख्यांच्या आयुष्याचा प्रत्येकी १ कोटी डॉलरचा विमा उतरवण्यात आला. हप्ते क्रीडा विभागाकडून, लाभार्थीही क्रीडा विभागच. ज्याच्या मृत्यूने संघाला पैसा मिळणार तो ६५ ते ८५ वयाचा. पहिली दोन वर्षे कोणी दगावले नाही, योजना गुंडाळावी लागली, हप्त्यांचे काही कोटी डॉलर गेले आणि विमा कंपनीवरचा दावाही विद्यापीठ हरले. मरणोत्तर देणे धर्मपरंपरांना नवे नाही. मृत्युपत्राने मठ-मंदिरे-मशिदी उभ्या राहिल्या आहेत. पण तिथे दाता आपली मिळकत मागे ठेवतो. इथे त्याचे मरण हीच मिळकत होती, आणि ज्या संस्थेच्या बाकांवर बसून त्याने टाळ्या वाजवल्या ती संस्था हिशेबाने त्याची वाट पाहत होती.

स्टेडियम हे तसे पाहता दानापेक्षा पूर्ताच्या जवळचे आहे. विहीर, तलाव, धर्मशाळा, बाग असली लोकोपयोगी कामे धर्मशास्त्रात पूर्त म्हणून वेगळी गणली जातात. तलाव कोणा एका ब्राह्मणाला किंवा गरिबाला देता येत नाही. तो सर्वांसाठी सोडायचा असतो. त्या सोडण्याला उत्सर्ग म्हणत. मग धर्मशास्त्राच्या निबंधकारांपुढे एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. ज्याने तलाव बांधून सोडला त्याने त्यात स्नान करावे की नाही? दिलेली वस्तू परत घेतल्याचा दोष लागेल का? उत्तर असे दिले गेले की उत्सर्ग सर्वांसाठी असतो आणि दाताही त्या सर्वांपैकी एक. त्या नात्याने त्याने पाणी वापरावे. मालक म्हणून नव्हे.

अमेरिकी स्टेडियमच्या देणग्यांवर इतका नेमका प्रकाश दुसऱ्या कोणत्याही सूत्राने पडत नाही. तिथे देणगीचा आकडा आणि बसायची जागा यांचे कोष्टक असते. अमुक देणगी दिली तर मधल्या रांगांची तिकिटे विकत घेण्याचा हक्क, तमुक दिली तर काचेआडची वातानुकूलित खोली, वाहन लावायला जवळची जागा, प्रशिक्षकाबरोबर भोजन. सरकारने १९८८ मध्ये यावर अजब तोडगा काढला. तिकिटाच्या हक्कासाठी दिलेल्या पैशाचे ८० टक्के दान समजावे, असे कायद्यानेच ठरवले. हा हक्क बाजारात कितीला जाईल हे कोणी मोजलेच नाही. जवळपास ३० वर्षे ही तरतूद चालली. २०१७ च्या करकायद्याने ती २०१८ पासून बंद केली. स्टेडियम बांधायला किंवा प्रशिक्षणगृहाला जागेच्या हक्काविना दिलेला पैसा आजही वजावटीस पात्र आहे.

चर्चला हा व्यवहार अनोळखी नव्हता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या अनेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये बाके भाड्याने दिली जात. पुढचे बाक महाग, मागचे स्वस्त, गरिबांना सज्जात किंवा भिंतीलगत जागा. चर्चचा खर्च त्यातून भागे, हेही खरे. चार्ल्स फिनी यांच्यासारख्या धर्मप्रसारकांच्या अनुयायांनी १८३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मोफत बाकांची चर्च काढली ती या प्रथेच्या विरोधात. श्रीमंताला चांगली जागा आणि फाटक्या कपड्यातल्याला पायाशी, या वागण्यावर याकोबाच्या पत्रात कडक ताशेरे आहेत, त्याचा आधार त्यांना होता. हळूहळू चर्चमधून बाकाचे भाडे गेले. विद्यापीठांच्या शनिवारच्या सामन्यांतून ते गेलेले नाही.

ख्रिस्ती, ज्यू आणि हिंदू विचारांत दात्याच्या मनाची परीक्षा कठोर आहे. डाव्या हाताला उजव्याचे कळू नये, हे येशूचे सांगणे. मंदिराच्या पेटीत दोन नाणी टाकणारी विधवा त्याला सर्व धनिकांहून मोठी वाटली, कारण तिने उरले-सुरले दिले नव्हते, होते ते दिले होते. बाराव्या शतकातले ज्यू पंडित मैमोनिडीज यांनी दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. कुरकुरत देणारा तळाला. देणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही, असे दान वरून दुसरे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीची आशा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य वेळी, पात्र व्यक्तीला दिलेले दान सात्त्विक. परतीच्या किंवा फळाच्या अपेक्षेने दिलेले राजस. ज्ञानेश्वरांनी त्यावर केलेला विस्तार मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे, आणि गुप्तदानाचा आदर त्याच वळणाचा. या मोजपट्टीने नावाचे स्टेडियम, काचेची खोली आणि विजयाची अपेक्षा यांचा निकाल लागायला वेळ लागत नाही. ते राजस आहे.

पण निकाल इतक्या लवकर लागतो तिथे थोडे थांबावे. मोठ्या सार्वजनिक खर्चाचा गौरव करणारी दुसरी परंपराही आहे, आणि ती हलकी नाही. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या चौथ्या भागात भव्य खर्च करण्याच्या गुणाला स्वतंत्र स्थान दिले. युद्धनौका सज्ज करणे, नाट्यमहोत्सवासाठी गायकवृंद उभा करणे, देवस्थानाला अर्पण करणे ही त्याची उदाहरणे. अथेन्समध्ये श्रीमंतांवर ही कामे नगराकडून सोपवली जात. गायकवृंदाला जिंकून देणारा धनिक बक्षिसाच्या तिपाईसाठी स्मारक उभारी. लायसिक्रेटिस नावाच्या अशाच एका गृहस्थाचे इ. स. पू. ३३५-३३४ च्या सुमाराचे स्मारक अथेन्समध्ये अजून उभे आहे. म्हणजे आपल्या गावाचा संघ जिंकावा म्हणून पैसा ओतणारा आणि त्यावर नाव कोरणारा धनिक हा काही टेक्सास-ओक्लाहोमातल्या तेलातून उगवलेला नाही. अथेन्सला त्यात वावगे वाटत नसे. मान हीच त्या खर्चाची परतफेड, असे सगळे उघडपणे मानत.

त्या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी मात्र आज गळून पडल्या आहेत. एक, तो खर्च ओझे होता. ज्याच्यावर तो आला त्याला वाटले की शेजारी आपल्याहून श्रीमंत आहे, तर तो शेजाऱ्याला आव्हान देऊ शके: हे काम तू कर, नाहीतर आपली मालमत्ता माझ्याशी अदलाबदल कर. करातून सूट मिळवण्याचा तो मार्ग नव्हता. तोच कर होता. दुसरी गोष्ट औचित्याची. भव्यतेच्या अलीकडे कद्रूपणा आणि पलीकडे भपका, असे ॲरिस्टॉटलने मांडले, आणि भपक्याचे उदाहरण देताना विनोदी नाटकाच्या वृंदाला जांभळ्या उंची वस्त्रांत रंगमंचावर आणणाऱ्याची त्याने टर उडवली. ओरेगन विद्यापीठात २०१३ मध्ये फुटबॉल संघासाठी उघडलेल्या इमारतीचा खर्च ६.८ कोटी डॉलर असल्याचे सांगितले गेले. तिचे देणगीदार नायकीचे सहसंस्थापक फिल नाइट आणि त्यांच्या पत्नी. व्यायामशाळेची फरशी ब्राझीलच्या कठीण लाकडाची, गालिचे नेपाळात हाताने विणलेले, कोच इटलीचे, आणि खेळाडूंसाठी केशकर्तनालयसुद्धा. जांभळी वस्त्रे ती हीच.

म्हणून या देणग्यांना पापही म्हणू नये आणि पुण्यही. त्यांचे योग्य नाव मानासाठी केलेला सार्वजनिक खर्च असे आहे. तो करण्याचा हक्क धनिकाला आहे, गावाने त्याचा आनंद घ्यावा, फलकावर नाव लावावे. दानाच्या नावावर राखून ठेवलेली करमाफी आणि नैतिक कवच मात्र त्याला मिळू नये. करवजावट म्हणजे अखेर इतर करदात्यांनी उचललेला हिस्सा. स्टिलवॉटरच्या संघाची ज्याला काडीची फिकीर नाही तोही त्यात नकळत सामील होतो.

पात्रतेचा मुद्दा राहिला. पीटर सिंगर यांनी १९७२ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असा युक्तिवाद केला की दूर देशातल्या उपाशी माणसाला वाचवणे शक्य असताना चैनीवर पैसा घालवणे हे निव्वळ औदार्याचा अभाव नसून कर्तव्यच्युती आहे. फुटबॉलच्या १६.५ कोटींना हा युक्तिवाद लावला की पुढे बोलायला काही उरत नाही. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. तो कॅथीड्रल, संगीतसभा, वस्तुसंग्रहालय आणि पंढरीची वारी यांनाही तसाच लागू होतो. माणसांना पोटाइतकीच एकत्र येण्याची भूक असते. नेब्रास्का, अलाबामा, ओक्लाहोमा यांसारख्या राज्यांत देशाच्या मुख्य व्यावसायिक स्पर्धेतले फुटबॉल संघ नाहीत. तिथे शनिवारचा विद्यापीठाचा सामना हा शेतकरी, तेलकामगार, प्राध्यापक, वकील यांना एका जागी आणणारा मोठा सोहळा असतो. सिंगर यांच्या गणिताला हे दिसत नाही, आणि ते गणिताचे उणेपण आहे. शिवाय दाते फक्त खेळालाच देतात असेही नाही. पिकन्स यांनी २००८ मध्ये त्याच विद्यापीठाच्या शैक्षणिक कामांसाठी १० कोटी डॉलर दिले. नाइट दांपत्याने २०१६ मध्ये ओरेगन विद्यापीठाच्या विज्ञान संकुलासाठी ५० कोटी जाहीर केले.

पात्रता वेगळ्या बाजूने तपासली तर अडचण दिसते. देणगीने कोणाचे नुकसान होते का? स्टिलवॉटरमध्ये क्रीडा संकुलासाठी स्टेडियमच्या उत्तरेकडची वस्ती विद्यापीठाने घर-घर करून विकत घेतली, आणि एका कुटुंबाने नकार दिला तेव्हा सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकार वापरला. तलाव सर्वांसाठी सोडताना कोणाचे घर बुडवले तर उत्सर्गाचे पुण्य कोणाच्या खात्यावर मांडायचे?

त्याहून खोल प्रश्न शरीराचा आहे. डोक्यावर वर्षानुवर्षे बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदूचा एक ऱ्हासकारी विकार होतो. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाविद्यालयीन पातळीपर्यंत खेळलेल्या ५३ मृत खेळाडूंपैकी ४८ जणांच्या मेंदूत तो आढळला. लक्षणे दिसलेल्यांच्याच कुटुंबांनी बहुधा मेंदू दिले असल्याने हे प्रमाण सरसकट सर्व खेळाडूंना लावता येत नाही. संशोधकांनीच तसे बजावले आहे. पण फुटबॉलच्या जगात ज्याने आपली मालकी पूर्णपणे सोडली, परतीची आशा ठेवली नाही आणि नावही मागितले नाही, असे दान शोधायचे तर ते या मेंदूंचे आहे.

देणगी घेणाऱ्याला बांधते, हे मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या आपल्या निबंधात अनेक समाजांच्या चालीरीतींवरून दाखवले: देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने एकाच दोरीची टोके. ओरेगनमध्ये ही दोरी एकदा सर्वांसमोर ताणली गेली. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर विद्यापीठ २००० मध्ये कामगारहक्कांवर देखरेख करणाऱ्या एका संघटनेत सामील झाले. परदेशी कारखान्यांतल्या परिस्थितीवरून नायकीसारख्या कंपन्यांना ती अडचणीत आणणारी होती. नाइट यांनी पुढच्या वैयक्तिक देणग्या थांबवल्याचे जाहीर केले. ऑटझन स्टेडियमच्या विस्तारासाठी अपेक्षित असलेले सुमारे ३ कोटी डॉलर त्यात अडकले. पुढे विद्यापीठ त्या संघटनेतून बाहेर पडले, यथावकाश नाइट परतले आणि २००२ मध्ये स्टेडियम वाढले. नाइट यांनी आपल्या दृष्टीने सरळ वागणूक केली: जिथे अपमान वाटला तिथे देणे बंद केले. प्रश्न विद्यापीठाचा आहे. सत्य शोधण्याचे व्रत घेतलेल्या संस्थेने कोणत्या प्रश्नावर कोणाची बाजू घ्यायची, हे स्टेडियमच्या वरच्या मजल्याच्या खर्चावरून ठरू लागले, तर ती देणगी दक्षिणा राहिली नाही.

अँड्र्यू कार्नेगी यांचा किस्सा याच्या शेजारी ठेवण्याजोगा आहे. त्यांना फुटबॉल रानटी वाटे. प्रिन्स्टनला त्यांनी दिले ते नौकानयनासाठी एक तळे, १९०६ मध्ये; मुलांनी चेंडूमागे हाणामारी करण्यापेक्षा वल्ही मारावीत. विद्यापीठाचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना अध्यापनासाठी पैसा हवा होता. तळे अजून आहे, आणि फुटबॉलही. दात्याच्या आवडीने संस्था श्रीमंत होते, पण तिच्या गरजेच्या जागीच होते असे नाही.

फुटबॉललाच नकार देणारी एक मोठी संस्थाही होती. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी १९३९ मध्ये हार्पर-स्टॅग यांच्या परंपरेतला फुटबॉल संघ मोडीत काढला. तोवर संघ हरतच होता, त्यामुळे निर्णय सोपा झाला असेलही. तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ रोजी, स्टॅग मैदानाच्या ओस पडलेल्या बाकांखाली पहिली नियंत्रित अणुविभाजन साखळी सुरू झाली. फुटबॉल सोडल्याने विद्यापीठ अधिक निरुपद्रवी झाले असे म्हणण्याची सोय इतिहासाने ठेवली नाही.

नियम आणि नीती यांतले अंतर सर्वांत उघडे पडले ते डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात. मेथडिस्ट चर्चने १९११ मध्ये स्थापलेली ही संस्था. तिचे धनाढ्य पाठीराखे खेळाडूंना चोरून पैसे देत. १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१ हजार डॉलर दिल्याचे निष्पन्न झाले. खेळाडूंना मोबदला न देण्याचा, म्हणजे हौशीपणाचा, नियम वारंवार मोडल्याबद्दल महाविद्यालयीन क्रीडा महासंघाने फेब्रुवारी १९८७ मध्ये त्यांचा पूर्ण मोसम रद्द केला. पुढचा विद्यापीठाने स्वतःच सोडला. महासंघाच्या इतिहासात फुटबॉलला दिलेली ही सर्वांत कडक शिक्षा. विशेष असे, की तपास चालू असतानाही पैसे थांबले नव्हते. टेक्सासचे तेव्हाचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स आधी विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. ते पैसे पुढे चालू ठेवण्याचा निर्णय आपल्या संमतीने झाला, हे त्यांनीच कबूल केले. मुलांना दिलेला शब्द मोडता येत नव्हता, असा त्यांचा खुलासा होता. खोटेपणाच्या आत दडलेली ही वचनपूर्ती नीतिशास्त्राच्या वर्गात मांडण्यासारखी आहे: चोरून दिलेल्या शब्दाला किती वजन? लाखो डॉलर कमावून देणाऱ्या मुलाला खिशाला पैसे देणे हे पाप होते, आणि त्याच्या कष्टावर स्टेडियम बांधणे हे दान, ही विभागणी तेव्हा कोणाला फारशी खटकली नाही.

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव आणि छबी वापरू देण्याचे पैसे उघड घेता येऊ लागले. लगोलग देणगीदारांनी वर्गणी गोळा करणाऱ्या संस्था काढल्या, त्यातल्या बऱ्याच धर्मादाय म्हणून नोंदवल्या. खेळाडूने एखाद्या सेवाभावी कार्यक्रमाला हजर राहायचे आणि मोबदला घ्यायचा. २०२३ मध्ये करखात्याच्या विधी विभागाने मत दिले की अशा अनेक संस्थांचा खरा लाभार्थी खेळाडूच असल्याने त्या करमाफीला पात्र ठरत नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढले आणि करारानुसार त्यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणे आले; पहिल्या हप्त्यासाठी देणगीदारांच्या प्रतिष्ठानाकडचा पैसा वापरण्याचे ठरले. काम न करण्याबद्दल दिलेला हा पैसा. सदर्न मेथडिस्टने मात्र २०२३ मध्ये मोठ्या स्पर्धागटात जागा मिळवण्यासाठी ९ वर्षे दूरचित्रवाणीच्या उत्पन्नावर पाणी सोडले आणि आठवड्याभरात देणगीदारांकडून १० कोटी डॉलर उभे केले. १९८७ च्या ६१ हजारांसाठी जी संस्था मैदानाबाहेर गेली होती तीच ही.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने विद्यापीठांनाही खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सुमारे २.०५ कोटी डॉलर. देणगीदारांपुढे त्यामुळे जुना प्रश्न उलटा उभा राहिला आहे. मैमोनिडीज यांच्या पायऱ्यांत सर्वांत वरची पायरी गुप्तदानाची नाही. माणसाला काम देऊन, व्यवसायात भागीदार करून हात पसरण्याची वेळच येऊ न देणे ही ती पायरी. त्या हिशेबाने खेळाडूच्या मजुरीला दिलेला डॉलर संगमरवरी प्रवेशदालनाला दिलेल्या डॉलरपेक्षा वरचा ठरतो. तोच डॉलर देणगीदारांच्या संस्थांमार्फत दिला, तर करखात्याच्या २०२३ च्या मताने तो खालचा ठरतो: दालन वजावटीस पात्र, मजुरी नाही.